बांधावर पोचणारी आवृत्ती

ज्या सॉफ्टवेअरची तारीख हंगाम ठरवतो, त्याचे रिलीज पुढे ढकलता येत नाही. ई-पीक पाहणीचे अ‍ॅप हे महाराष्ट्रातले त्याचे ठळक उदाहरण. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करायची पद्धत राज्यभर सुरू झाली. त्याआधी हे काम तलाठ्याचे होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावात कापूस किंवा मिरची शेतात उभी आहे, तेवढ्याच दिवसांत फोटो काढून नोंद करायची असते, आणि तीच पुढे गाव नमुना बाराला लागते. पीक निघाल्यावर आलेली आवृत्ती कितीही चांगली असली तरी त्या हंगामापुरती वाया गेली. नोंदणीची मुदत शासन वाढवू शकते, वाढवलेलीही आहे. पीक तेवढे दिवस शेतात थांबत नाही.

अशा कामात तारीख बांधलेली असते आणि माणसेही बहुधा बांधलेली असतात. उशीर झालेल्या कामावर नवी माणसे घातली की उशीर वाढतो, हे फ्रेडरिक ब्रूक्सने १९७५ मध्ये लिहून ठेवले आणि त्याचा प्रत्यय आजही प्रत्येक टीमला येतो. मग हलवता येण्यासारखी एकच गोष्ट उरते: काय गाळायचे. स्प्रिंट नियोजनाची सगळी अवघड बाजू इथेच आहे. बॅकलॉगमधली प्रत्येक स्टोरी कोणाला तरी अत्यावश्यक वाटते, आणि गाळताना सर्वांत आधी बळी जाते ती दुरुस्तीची सोय. मुख्य वाट तिच्यावाचून चालते, डेमोही नीट होतो. पण गट क्रमांक चुकवून बसलेल्या शेतकऱ्याला तिच्याशिवाय तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ४८ तासांत नोंद दुरुस्त करण्याची सोय झाली, मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकेही नोंदवता येऊ लागली. कापसात तूर घेणाऱ्याला ही दुसरी सोय किती लागते, हे पुण्यातल्या बैठकीत बसून कळत नाही. पहिल्या रिलीजमधून रंगरूप गाळावे, अहवाल गाळावेत, डॅशबोर्ड खुशाल गाळावा. चूक सुधारण्याची वाट गाळू नये.

अंदाजाचा प्रश्न याला लागूनच येतो. २०११ च्या स्क्रम गाइडने स्प्रिंटमधल्या कामाला ‘वचन’ म्हणणे सोडून ‘अंदाज’ म्हणायला सुरुवात केली. तरी बहुतेक कार्यालयांत तो अंदाज आजही वचन म्हणूनच वसूल केला जातो. परिणाम ठरलेला: टीम पॉइंट फुगवते, व्हेलॉसिटीचा आलेख चढतो, आणि हाती पडणारे सॉफ्टवेअर तेवढेच राहते. दोन दिवसांच्या वर्गातून प्रमाणपत्र घेऊन आलेले स्क्रम मास्टर आणि शंभर-शंभर माणसांना एका वेळापत्रकात बसवणाऱ्या भल्या मोठ्या चौकटी यांनी हे दुखणे वाढवले. २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्डला जमलेल्या सतरा जणांच्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्याच्या तत्त्वांत चालते सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य मोजमाप म्हटले होते. रिलीजचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्याला मात्र तारीख कधी न चुकवल्याचा अभिमान जडतो. तो अभिमान खरा असतो आणि सहजी सुटत नाही. तारीख गाठली की आवृत्ती पोचली का, हे विचारायचे त्याच्या मनातही येत नाही.

आवृत्ती पोचणे हाच या कामातला सर्वांत चिवट भाग. प्ले स्टोअरवर ती चढली की टीमच्या लेखी स्टोरी पूर्ण होते. गावातला फोन मात्र अनेकदा घरात मिळून एक असतो, आणि तो मुलाच्या खिशात असतो. आपोआप होणारे अपडेट बऱ्याच फोनवर वाय-फायची वाट पाहते, आणि घरात वाय-फाय नसते. साठवण लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली असते, म्हणून हाताने अपडेट करायला गेले तरी ‘जागा अपुरी’ असा संदेश येतो. परिणामी जुनी आवृत्ती आठवडेच्या आठवडे जिवंत राहते, आणि सर्व्हरला दोन्ही आवृत्त्यांशी बोलावे लागते. डेटाबेसमधला नवा रकाना आधी वाढवायचा, जुना रकाना हंगाम संपेपर्यंत काढायचा नाही. सक्तीचे अपडेट लादणे टीमला सोयीचे, पण बांधावर एका रेघेच्या नेटवर्कवर उभ्या असलेल्या माणसासाठी अ‍ॅप तिथल्या तिथे बंद पडते.

टप्प्याटप्प्याने रिलीज करण्याची सोय इथे उपयोगी पडते, तिलाही मर्यादा आहे. काही टक्के फोनवर पाठवून पुढचे वाटप थांबवता येते. ज्यांच्याकडे सदोष आवृत्ती गेली त्यांच्याकडून ती परत घेता येत नाही, वरच्या क्रमांकाची नवी आवृत्तीच पाठवावी लागते. म्हणून धोक्याचा भाग सर्व्हरवरून बंद करता येईल असा बांधावा. भाराची चाचणीही सरासरी दिवसाची नको. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत सगळा जिल्हा एकदम अ‍ॅप उघडतो, चाचणी त्या दोन दिवसांची हवी.

नंदुरबार जिल्ह्यातच या सगळ्याचा एक जुना धडा आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. नोंदणीचे ते सॉफ्टवेअर नेटवर्कशिवाय चालावे असे मुळातच रचलेले होते: माहिती कूटबद्ध होऊन यंत्रावर साठायची आणि नंतर केंद्राकडे जायची. नेटवर्क नसतानाचे काम तिथे ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये पाहू’ या यादीत नव्हते. ते मागाहून जोडता येत नाही; जोडायला गेले की अर्धा कोड नव्याने लिहावा लागतो, आणि तोही ऐन ऑगस्टमध्ये.

तेव्हा खरिपासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमने एवढे करावे. काय गाळायचे ते मेमध्ये ठरवावे. जूनच्या एका स्प्रिंटमध्ये कोरीटसारख्या गावात टेस्टरला पाठवावे, तिथल्याच एखाद्या भरलेल्या, जुन्या फोनवर अपडेट होते का ते पाहावे, आणि त्या कामाला बॅकलॉगमध्ये स्टोरी म्हणून जागा व पॉइंट द्यावेत.