सातवे माणूस

घरात माणसे किती, या प्रश्नाला आमच्या लहानपणी कोणी आकडा सांगत नसे. पाने किती मांडायची ते सांगत. सकाळची पाने अकरा, रात्रीची नऊ. शिवाय हे मोजमाप रबरासारखे होते. ऐन जेवणाच्या वेळी दारात कोणी येऊन उभे राहिले, तर आजोबा ताटावरची मान वर न करता एवढेच म्हणत, "जरा सरका." मग पाट खरडल्याचा आवाज होई आणि अकरा माणसांच्या पंगतीत बारावे माणूस असे काही मावे, की जणू ते सकाळपासून तिथेच बसले होते.

हल्ली आमच्या घरी माणसे मोटारीच्या हिशेबाने मोजतात. कुठे जायचे निघाले की पहिला प्रश्न, "पाचांत बसतंय का?" गेला सारा पावसाळा आमच्याकडे याच प्रश्नाचे पारायण चालले होते. आहे ती पाच माणसांची गाडी ठेवावी, की ती काढून टाकून तीन रांगांची, सात माणसांची घ्यावी? चिरंजीव सातांच्या बाजूचे. सूनबाई पाचांच्या, कारण आमच्या सोसायटीत दोन खांबांच्या मधे जी जागा आम्हाला मिळाली आहे, तिच्यात साडेचार-पावणेपाच मीटर लांबीचे धूड रोज रात्री मागे घेत घेत घालायचे काम त्यांच्याच वाट्याला येणार. आमच्या सौभाग्यवती "तुमचं काय ते ठरवा, मला पोळ्या करू द्या" या पक्षाच्या. आणि मी? मला गाडी चालवता येत नाही. म्हणूनच माझे मत सर्वांत पक्के होते.

तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या फराळाबरोबर हा कसला मोटारींचा विषय! आणि तसे पाहिले तर हा प्रश्न पुष्कळांच्या दारापर्यंत येतच नाही. २०१९ ते २१ या काळात देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात शंभर घरांपैकी जेमतेम सात-आठ घरी मोटार आढळली. आणि सरासरी कुटुंब निघाले साडेचार माणसांचेही नाही. म्हणजे पाच माणसांच्या गाडीत सरासरी कुटुंब ऐसपैस बसून वर अर्धे माणूस पाहुणे घेऊ शकते. तरी सात जागांच्या गाड्या रस्तोरस्ती दिसतातच. माणसे कमी होत गेली आणि जागा वाढत गेल्या, हे काय गौडबंगाल आहे?

माझ्या थोरल्या काकांकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली फियाट होती. तिला पुढेही सलग बाक असे आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाजवळ. त्यामुळे पुढे तिघे सहज बसत. मागे चौघे, आणि मांडीवरची मुले हिशेबात धरायची नसतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गाडी पुण्याहून निघून उंब्रजला पाटणच्या रस्त्याला लागे, कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरे आणि चिपळूणवरून गुहागरला आमच्या घरी पोचे. "फियाटमध्ये आम्ही नऊ जण मावायचो!" असे आमच्या घरातले पुरुष आजही लग्नाकार्यात मोठ्या अभिमानाने सांगतात. मीही पुष्कळदा सांगतो. परंतु नीट पाहिले तर हे सांगणारे सगळे खिडकीशी बसलेले होते. माझी आई मधोमध बसे. मांडीवर धाकटा भाऊ, पायाखाली लाडवांचा डबा, आणि घाट उतरेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या तोंडाशी धरायला हातात पिशवी. ती हयात होती तोवर फियाटच्या आठवणी काढताना मी तिला एकदाही ऐकले नाही. पंगतीचेही तेच. "जरा सरका" म्हणून बारावे पान वाढले जाई खरे, पण त्या बाराव्या पानावरची भाजी शेवटी बसणाऱ्या बायकांच्या वाट्यातून येई.

तो जमाना गेला आणि गाडीतून "सरका" हा शब्दच गेला. आता प्रत्येकाची जागा आखलेली, प्रत्येकाला पट्टा. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला, त्यात चौदा वर्षांखालच्या मुलांनाही पट्टा किंवा त्यांच्या मापाचे आसन सक्तीचे झाले. मांडी ही जागा कायद्याने रद्द झाली. ते योग्यच झाले. आचका बसला तर मांडीवरचे मूल हातांनी धरून ठेवण्याइतके बळ कोणत्याही आईच्या हातात नसते. पण एवढे खरे, की जागा मोजून मिळू लागल्यावर सहावे माणूस हे प्रथमच जास्तीचे माणूस झाले.

मग बाजाराने जागा वाढवून दिल्या. आकुर्डीला तयार होणारी मॅटाडोर वऱ्हाडाची; ती घरची गाडी म्हणून कोणी दारात उभी केली नाही. १९९४ साली सुमो आली. टाटांच्या मोटारींचा कारखाना ज्यांनी उभा केला त्या सुमंत मूळगावकरांच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरे जोडून तिचे बारसे झाले. आपण मात्र बरीच वर्षे जपानी पैलवानांचीच आठवण काढत होतो. पुढे २००० मध्ये क्वालिस, २००५ मध्ये इनोव्हा, २०१२ मध्ये अर्टिगा. साहेबांच्या देशांत ही कल्पना जुनी. इटलीत फियाटनेच १९५६ साली अवघ्या साडेतीन मीटर लांबीच्या गाडीत सहा माणसे बसवून दाखवली होती. अमेरिकेत १९८३च्या अखेरीस क्रायस्लरने आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये रेनॉने मोठ्या घरगुती गाड्या काढल्या आणि त्या धडाधड खपल्या. तिथे त्यांचा उपयोग मुलांना शाळेत, खेळायला, पोहायला पोचवण्याचा. आपल्याकडे या गाडीची जाहिरात पाहा: आजी, आजोबा, मुलगा, सून, नातवंडे आणि एक हसणारी आत्या. एवढी माणसे एकमेकांकडे पाहून एकाच वेळी हसताना मी प्रत्यक्षात पाहिलेली नाहीत.

चिरंजिवांच्या आग्रहावरून आम्ही दोन-तीन दुकानांत गाड्या पाहून आलो. मी मुद्दाम तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. जाऊन बसलो म्हणजे, मधल्या रांगेचे आसन पुढे दुमडले, एक पाय आत टाकला, डोके खाली घातले, आणि मग उरलेला मी हळूहळू आत आलो. गुडघे हनुवटीपाशी. विकणारा मुलगा मोठा गोड होता. म्हणाला, "काका, ही सीट मुलांसाठी असते." माझा नातू तेरा वर्षांचा आहे आणि माझ्याहून दोन बोटे उंच झाला आहे, हे मी त्याला सांगितले नाही. सातही जागा भरल्यावर सामानाला काय उरते, ते त्याच्याकडच्या पत्रकात छापले होते. एका गाडीत ८४ लिटर. दुधाचा मोठा कॅन चाळीस लिटरचा असतो. तेव्हा सात माणसांनी चार दिवसांसाठी गावी जायचे आणि सामान दुधाच्या दोन कॅनांत भरायचे! दुसऱ्या एका गाडीत दोनशेच्या वर लिटर निघाले, म्हणजे पाच कॅन. गुहागरहून परत येताना आमच्याबरोबर नुसते नारळच तेवढे असतात.

शिवाय ही रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे येते. गाडी खड्ड्यातून गेली की पुढच्यांना हिसका बसतो, मागच्यांना उडी बसते. ज्यांना गाडी लागते त्यांनी तिथे बसून कुंभार्ली उतरून पाहावा. आवळासुपारी, आलेपाक, हुंगायला लिंबू, काही कामाला येत नाही. थोडक्यात, तिसरी रांग म्हणजे जुन्या पंगतीतली शेवटची पंगत. घरात ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, तो तिथे जाऊन बसतो.

मला रोजनिशी ठेवायची खोड आहे. तीत मागचे वर्ष चाळून पाहिले. आमच्या घरची पाचांहून अधिक माणसे एकाच दिशेला एकाच वेळी निघाली, असे दिवस भरले नऊ. गणपतीचे जाण्यायेण्याचे, नाशिकचे एक लग्न, मे महिन्यातले तीन-चार. उरलेले ३५६ दिवस ही मोठी गाडी काय करणार? चिरंजिवांना एकट्याला हिंजवडीला घेऊन जाणार आणि घेऊन येणार, सहा मोकळ्या जागांसकट. त्या रस्त्यावरच्या गर्दीत एकेकट्या माणसांच्या अशा गाड्या कमी आहेत का?

माझा तोडगा सोपा होता. नऊ दिवस भाड्याने मोठी गाडी आणावी आणि ३५६ दिवस आपली लहान गाडी सुखाने वापरावी. हा तोडगा मी रात्री जेवताना मांडला, तेव्हा नातीने बोटे मोजून एक अडचण काढली. भाड्याच्या सात जागांतली एक चालकाची! म्हणजे उरल्या सहा. आम्ही घरचे सहा. मग सातवे माणूस कोण, आणि त्याला कशाला मोजायचे?

सातवे माणूस म्हणजे आमची आक्का. माझी थोरली बहीण, वय वर्षे ८१, राहणार शनिवार पेठेतल्या एका बोळात, एकटी. आजवर असे चालत आले की गणपतीला पाच जण गाडीतून जातात आणि मी एस.टी.ने. मला एस.टी. आवडते. १ जून १९४८ला पुणे ते अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, ही तिची पहिली फेरी झाली. ती माझ्याहून वडील आहे, तेव्हा तिच्या खडखडाटाबद्दल मी तक्रार करीत नाही. मला अर्धे तिकीट पडते, आणि २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना तर तिकीटच नाही. ते सुख मी तीन वर्षांवर आणून ठेवले आहे. आक्काला आज ते फुकट आहे. पण एस.टी.ची पायरी तिच्या गुडघ्यांना चढवत नाही आणि मोटारीत पाच झालेली असतात. त्यामुळे तीन वर्षे ती घरच्या गणपतीला आलेली नाही. दर वर्षी विचारायला गेले की म्हणते, "मला कुठे नेता आता! तुम्ही जा. नारळ आणा येताना." असे म्हणणारी माणसे घरोघर असतात. ती आपण होऊन आपले नाव कमी करतात आणि बाकीच्यांचा हिशेब जमतो. कोणी वाईट नसते. गाडीत पाच जागा असतात, एवढेच.

चिरंजिवांचा खरा मुद्दा हा होता, आणि तो त्यांनी सगळ्यात शेवटी काढला. म्हणाले, "बाबा, भाड्याची गाडी आधी सांगावी लागते. म्हणजे आत्यालाही आधी विचारावं लागणार, आणि आधी विचारलं की ती नाही म्हणणार. घरची गाडी दारात उभी असली, आत जागा रिकामी दिसली, की नाही म्हणायला जड जातं." हा मुद्दा मला बिनतोड वाटला. रिकामी जागा हेच एक आमंत्रण असते, हे त्या जाहिरातीवाल्यांनाही कळलेले दिसत नाही. पण मी वकिली करायला बसलो होतो. मी म्हटले, "तू एकटा जातोस तेव्हा आजच्या गाडीतही चार रिकाम्या असतात. रविवारी दुपारी ती शनिवारात नेऊन उभी केलीस, तर आक्काला जागा नाही असं कोण म्हणेल?" सूनबाईंनी भाताचे पातेले माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, "आणि सात घेतली की माझ्या आईबाबांचं काय? ते धरले तर नऊ होतात." यावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. नऊ माणसांची फियाट आता निघत नाही.

अखेर ठरले ते असे. मोठी गाडी विकत घ्यायची नाही. दिवाळीनंतरच्या सुट्टीत चार दिवसांसाठी भाड्याची आणायची आणि यादी लिहिताना पहिले नाव आक्काचे घालायचे. पुढे, चालकाशेजारी, जिथे चढायला सोपे आणि पाय लांब करता येतात. मग मधल्या रांगेत सौभाग्यवती आणि सूनबाई. मुले मागे, कारण त्यांनीच ती जागा मागितली आहे. चिरंजिवांना कोपरा. मी स्वारगेटवरून एस.टी.ने निघेन आणि त्यांच्या आधी पोचून घर उघडून ठेवीन. सूनबाईंच्या आईवडिलांना मे महिन्यात न्यायचे. तेव्हा ती दोघे आधी मोजायची, असे यादीच्या खाली सूनबाईंनी आपल्या हाताने लिहून ठेवले आहे.

हे सांगायला मी रिक्षाने आक्काकडे गेलो. तिने नेहमीचे सुरू केलेच, "मला कुठे नेता..." मी म्हटले, "विचारायला नाही, सांगायला आलोय. पुढची जागा तुझी." ती उठून आत गेली, बराच वेळ भांडी वाजवली, आणि चहा घेऊन आली तेव्हा तिने एकच विचारले. गाडीचे दार सरकते आहे, की बाहेर उघडणारे? कारण तिच्या बोळात बाहेर उघडणारे दार पुरते उघडत नाही. मी तिथूनच गाडीवाल्याला फोन लावला. बाहेर उघडणारे. म्हणजे गाडी बोळाच्या तोंडाशी, रस्त्यावर उभी करावी लागणार, आणि तिथवर तिला चालत यावे लागणार.

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी काठी घेऊन बोळाच्या तोंडापर्यंत येते, तिथल्या वाण्याच्या पायरीवर घटकाभर बसते आणि परत जाते, असे तिच्या शेजारणीने मला परवा फोनवर सांगितले.