सिस्टरच्या शब्दाचं वजन

ताप, नाडी, श्वास नोंदवायच्या टीपीआर चार्टवर सर्वांत जास्त खोटं लिहिलं जातं ते श्वासाच्या रकान्यात. तापाला थर्मामीटर लावावा लागतो, नाडीवर बोटं ठेवावी लागतात, बीपीला पट्टा बांधावा लागतो. श्वास मोजायला मात्र रुग्णाच्या छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं, आणि भरलेल्या वॉर्डात तेच मिनिट सापडत नाही. मग १८, २०, १८, २० असे आकडे ओळीने पडत जातात. इन्चार्ज सिस्टर म्हणून नव्या वॉर्डात गेले की मी आधी हा रकाना वाचत असे. स्टाफ किती दमलेला आहे, शिकवणारी कोणी आहे की नाही, आणि आपण लिहिलेलं कोणी वाचतं असं तिथल्या मुलींना वाटतं का, हे सगळं त्यावरून कळतं.

आता नर्सिंग कॉलेजांतून बोलायला बोलावतात. विषय बहुधा महिलांचं नेतृत्व असाच काहीतरी असतो. मुली विचारतात ते प्रश्न खरे असतात: एमएस्सी करू की सरकारी भरतीची वाट बघू? आखातात जाऊ का? खासगीत इन्चार्ज लवकर होता येतं, मग तिथेच थांबू का? त्या उत्तरांसाठी प्रत्येकीचं घर, कर्ज, वय बघावं लागतं. ती व्यासपीठावरून देता येत नाहीत. मी सुरुवात करते श्वासाच्या रकान्यापासून. आपल्या व्यवसायात बाई वर चढते की नाही, हे शेवटी तिच्या शब्दाला किती वजन आहे यावर ठरतं, आणि ते वजन नोंदीतून येतं, असं माझं ठाम मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगभरच्या आरोग्यसेवेचा हिशेब मांडला. काम करणाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया, आणि वरच्या पदांवर जेमतेम चौथा हिस्सा. आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात सकाळी आठ वाजता दारात उभं राहिलं तर हे दिसतं. आत शिरणाऱ्या सिस्टर, मावशी, टेक्निशियन बहुतेक बायका असतात; मीटिंगच्या खोलीत शिरणारे बहुतेक पुरुष.

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिवशी, आपण मेणबत्त्या लावून शपथ घेतो. मला तो सोहळा आवडतो. पण नाइटिंगेलबाईंचं खरं शस्त्र दिव्यापेक्षा तक्ता हे होतं. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीतून आलेल्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी आकड्यांची चित्रं काढून सरकारपुढे ठेवलं. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. पण इथल्या लष्करी छावण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवून पाणी, गटारं, बराकी आणि मृत्यू यांची माहिती त्यांनी मागवली आणि ती १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात आली. लष्करातल्या साहेबांना एका आजारी बाईचं ऐकावं लागलं, कारण तिच्याजवळ जे आकडे होते ते त्यांच्याजवळ नव्हते. शपथेबरोबर हेही मुलींना शिकवायला हवं.

एका रात्रीचं सांगते. मी नाईट सुपरवायझर होते, राउंड घेत सर्जिकल वॉर्डात पोचले तेव्हा दोन वाजले होते. ड्युटीवरची मुलगी नवी होती आणि नुकताच रेसिडेंटशी बोलून फोन ठेवत होती. ती म्हणाली होती, "सर, अकरा नंबरचा पेशंट बरा वाटत नाहीये." उत्तर आलं होतं, "सलाईन चालू आहे ना? सकाळी राउंडला बघतो."

"तू काय बघितलंस?" मी विचारलं.

"मॅडम, मघापर्यंत बोलत होता, आता नीट बोलत नाही. पाय गार लागतायत. उगाच पांघरूण ओढतोय."

तिने बघितलेली प्रत्येक गोष्ट बरोबर होती. फोनवर त्यातली एकही गेली नव्हती. आम्ही दोघी खाटेशी उभ्या राहिलो. श्वास मोजला, ३२. नाडी १२८. बीपी ९० वर ६०. युरोबॅगमध्ये चार तासांत ४० मिली. पन्नास किलोच्या माणसाची लघवी तासाला निदान २५ मिली तरी व्हायला हवी, म्हणजे चार तासांत शंभर. मी चिठ्ठीवर आकडे लिहून दिले आणि फोन पुन्हा तिच्याच हातात ठेवला.

"सर, सर्जिकल वॉर्ड, बेड अकरा, कालची लॅपरोटॉमी. श्वास ३२, नाडी १२८, बीपी ९०-६०, चार तासांत लघवी ४०. गुंगीत जातोय. मला सेप्सिसची शंका येते. तुम्ही आत्ता येऊन बघा. मी फोनची वेळ नोटमध्ये लिहितेय."

डॉक्टर आले. रुग्ण पहाटेच्या आत आयसीयूत गेला. त्या रेसिडेंटला मी दोष देत नाही. तोही आदल्या सकाळपासून उभा होता, आणि रात्रीत येणाऱ्या दहा फोनांपैकी कोणत्या फोनला धावायचं हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. फोन मी केला असता तर तो दुसऱ्या मिनिटाला आला असता. मग वजन माझ्या पदाचं झालं असतं आणि ती मुलगी पुढच्या रात्री पुन्हा तिथेच राहिली असती.

अशा बोलण्याला आता एसबीएआर म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत तयार झालेली ही पद्धत पुढे रुग्णालयांत आली: काय घडतंय, आधीचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. आपल्या मुली पहिल्या दोन पायऱ्या उत्तम सांगतात. तिसरीला आवाज बारीक होतो आणि चौथी गळून पडते. 'तुम्ही आत्ता या' असं डॉक्टरला म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. घरातही मोठ्यांकडे मागणी न करता नुसतं सुचवायचंच वळण लागलेलं असतं. ही चौथी पायरी शिकवणं हे इन्चार्जचं पहिलं काम, आणि कोणी उलटून ओरडलं तर मुलीच्या बाजूला उभं राहणं हे दुसरं. दुसरं केलं नाही तर पहिलं एका रात्रीत विसरलं जातं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या वॉर्ड क्रमांक चारची आठवण इथे काढल्यावाचून राहवत नाही. अरुणा शानबाग या तिथल्या नर्सवर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच अत्याचार झाला आणि मेंदूला झालेल्या इजेतून त्या पुन्हा उठल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली साडेएकेचाळीस वर्षं त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं हे केईएमच्या सिस्टरांनी केलं. मेट्रन बदलल्या, इन्चार्ज निवृत्त झाल्या, ज्यांनी अरुणाला उभं बघितलंही नव्हतं अशा मुली ड्युटीवर आल्या, आणि काम खंडलं नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दयामरणाचा प्रश्न आला तेव्हा इतकी वर्षं अंथरुणात राहूनही बेडसोर नाहीत, हे न्यायालयाने आवर्जून नमूद केलं, आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. दर दोन तासांनी कूस बदलणं हे काम कोणाला दिसत नाही, त्याचा सत्कार होत नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात त्याच कामाने या बायकांच्या शब्दाला वजन दिलं.

डॉक्टर झालेल्या बायकांचीही गोष्ट वेगळी नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात बालकांचा विभाग बघत. जंतुसंसर्गाने बाळं जात होती. त्यांनी बाटल्या हटवल्या, बाळांच्या आयांना आत घेतलं, आईच्या दुधाचा आग्रह धरला, आणि १९८९ मध्ये तिथे आशियातली पहिली दुग्धपेढी उभी राहिली. पुढे त्या त्याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. त्याच १९८९ मध्ये गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच तोवर धरलं जात होतं. अंगावरून जातं, कंबर दुखते, असं गावातल्या बायका पिढ्यान् पिढ्या सांगतच होत्या. कोणीतरी ते मोजलं तेव्हा जगाला ऐकावं लागलं.

आता ड्युटी लिस्टबद्दल. नेतृत्वावरच्या पुस्तकांत तिचं नाव नसतं, पण वॉर्डात सगळं नेतृत्व त्या एका कागदावर दिसतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आम्ही रात्री दोघींवर पूर्ण वॉर्ड काढलेले आहेत. माणसं कमी असतात तेव्हा ती कशी लावता यावर रुग्णाचा जीव आणि स्टाफचं मन, दोन्ही अवलंबून असतं. मी पाळलेल्या काही गोष्टी सांगते. दोन नव्या मुली एका रात्री कधीच एकत्र लावायच्या नाहीत. नाईट संपल्यावरचा ऑफ कापायचा नाही, कितीही ओढाताण असली तरी. कोकणातल्या मुलींना गणपतीला जायचं असतं, केरळच्या सिस्टरांना ओणम आणि नाताळ हवा असतो. वर्षाच्या सुरुवातीलाच दोन्ही गटांना समोरासमोर बसवलं की त्या आपसांत वाटून घेतात आणि मला मध्ये पडावं लागत नाही. लहान बाळ असलेलीला सवलत द्यायची, पण किती महिने ते तिला आणि इतरांना आधीच सांगून. आणि लिस्ट भिंतीवर उघड लावायची. ती कपाटात राहिली की 'मॅडमच्या मर्जीतल्या' हा शब्द सुरू होतो, आणि एकदा तो सुरू झाला की पाळी बदलताना, म्हणजे ओव्हर देताना, सिस्टर एकमेकींना अर्धंच सांगतात. त्या अर्ध्या ओव्हरमध्ये एखादं इंजेक्शन राहून जातं.

दमलेल्या स्टाफला नोंद नीट लिहा म्हणून ओरडणाऱ्या इन्चार्ज मी खूप पाहिल्या. नोंदीला लागणारा वेळ ड्युटी लिस्टमधून काढून द्यावा लागतो. श्वास मोजायचं मिनिट तिथूनच येतं.

पैशाचे निर्णय होतात त्या जागांपासूनही आपण उगाच लांब राहतो. ग्लोव्ह्जचं उदाहरण घ्या. बायकांच्या हाताला बहुधा सहा किंवा साडेसहा नंबर बसतो आणि स्टोअरमधून साडेसातचे खोके येत. ढिल्या ग्लोव्हमध्ये शीर बोटाला लागत नाही, सुई निसटते. वर्षानुवर्षं सगळ्या कुरकुरत होत्या. एका वॉर्डात आम्ही महिनाभर साधं रजिस्टर ठेवलं: कोणत्या नंबरचे किती आले, किती फाटले, किती न वापरता पडून राहिले. तो कागद इंडेंटला जोडला आणि पुढच्या खरेदीत नंबर बदलले. म्हणून माझा सल्ला असा की इंडेंट, डेड स्टॉक, निविदा ही कामं क्लार्कची म्हणून टाळू नका. खरेदी समिती, संसर्ग नियंत्रण समिती, जिथे नाव घालतील तिथे बसा, आणि बसल्यावर बोला.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात पण स्पष्ट बोलते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा देशभर रस्त्यावर उतरलेल्यांना अरुणा आठवली असेल. मधे पन्नास वर्षं गेली होती. कपडे बदलायच्या खोलीला कडी आहे का, रात्री ब्लड बँकेकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा आहे का, हे बघणं सुरक्षा विभागावर सोडू नका. राउंडमध्ये बघा, लेखी द्या, पोच घ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे नेमलेल्या अंतर्गत समितीवर कोण आहे, त्यांची नावं कुठे लावली आहेत, हे प्रत्येक नव्या मुलीला रुजू होताना दाखवा.

आणि शेवटचं, ज्याची मला सर्वांत जास्त तळमळ आहे. प्रमोशनची ऑर्डर येते, सोबत बदली असते. मुलाची दहावी, सासूबाईंचं आजारपण, नवऱ्याची नोकरी, आणि बाई लिहून देते की मला पदोन्नती नको. माझ्या कितीतरी हुशार सहकाऱ्यांनी असं लिहून दिलं. त्यांच्या घरच्या अडचणी खोट्या नव्हत्या. पण त्या कागदानंतर त्या खुर्चीत जी व्यक्ती बसली तिने त्यांच्या वॉर्डाचे निर्णय घेतले, आणि रात्री दोन वाजता अकरा नंबरच्या खाटेशी उभं राहिलेल्या मुलीला वर ओळखणारं कोणी उरलं नाही. म्हणून सांगते मुलींनो, ऑर्डर हातात आल्यावर त्याच दिवशी नकार लिहू नका. घरी सगळ्यांना बसवा आणि विचारा, हिचं प्रमोशन झालंय, आता आपण काय काय बदलू शकतो? नवऱ्याला बढती मिळाली की घरं असा विचार करतातच. तुमच्यासाठीही करायला लावा, आणि मग रुजू व्हा.