चौकी आणि चोकी

दोन वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री इंग्लंडात शिकणाऱ्या माझ्या भाच्याचा संदेश आला : 'मामा, सायकल निकची भानगड. निकमध्ये बसलोय. नंतर फोन करतो. आईला बोलू नका.' शिक्षकी पेशाची सवय म्हणून मी प्रथम कोश काढला. 'निक' या क्रियापदाचा बोलीतील अर्थ चोरणे. नामाचा अर्थ तुरुंग. पोराने कुणाची तरी सायकल लांबवली आणि आता तो गजाआड आहे, असा सरळ अन्वय मी लावला आणि पहाटेपर्यंत बेळगावातल्या आमच्या घराच्या सोप्यावर येरझारा घातल्या.

भीतीला कारण होते. एकोणिसाव्या वर्षी, रस्त्यावरची गडबड पाहत उभा असताना, बघ्यांसकट मलाही एका चौकीत नेऊन बसवले होते. मारहाण झाली नाही, चहासुद्धा मिळाला. उजाडताना एक कागद पुढे सरकवून 'सही कर' असे सांगण्यात आले. कागद कन्नडमध्ये होता आणि मला तेव्हा त्या लिपीतले एक अक्षर लागत नव्हते. मी सही केली. त्यात काय लिहिले होते ते मला आजतागायत कळलेले नाही. पुढे मी कन्नड लिहा-वाचायला शिकलो, ते त्या सहीपायी.

सकाळी भाच्याचा फोन आला. सायकल त्याचीच चोरीस गेली होती आणि तो तक्रार नोंदवायला गेला होता. ब्रिटिश बोलीत पोलीस ठाण्यालाही 'निक' म्हणतात, आणि पकडले जाण्यालाही. म्हणजे जो निक करतो तो निक होतो आणि निकमध्ये जातो! चोर, शिपाई आणि कोठडी यांचा अवघा व्यवहार एका अक्षरी शब्दात उरकणारी ही भाषा पाहून मला राग यावा की कौतुक वाटावे, ते कळेना.

त्या दिवसापासून या उनाड शब्दांचा मला नाद लागला. १८२९ साली रॉबर्ट पील या गृहमंत्र्याने लंडनचे पोलीस दल उभारले. त्याच्या नावावरून शिपाई 'बॉबी' झाला आणि आडनावावरून 'पीलर'. 'कॉपर' हा शब्द तांब्याच्या बटणांवरून आला, असे पुष्कळजण हौसेने सांगतात. वस्तुतः 'कॉप' म्हणजे पकडणे, आणि पकडणारा तो कॉपर. आपल्याकडे शिपायाला 'मामा' म्हणतात. भाच्याला हे ठाऊक असल्याने मला हाक मारताना तो अलीकडे मुद्दाम हसतो. तुरुंगवासाला आपण 'सरकारी पाहुणचार' म्हणतो, तर इंग्रजही कैद्याला राणीसाहेबांचा पाहुणा म्हणत आले. दोन्हीकडच्या माणसांना थट्टा सुचली ती नेमकी एकाच जागी.

पण वाचकहो, मला खरा धक्का दिला तो ऑस्ट्रेलियाने. लंडनच्या चोरांची 'फ्लॅश' नावाची बोली हद्दपार कैद्यांबरोबर तेथे पोहोचली. वॉटकिन टेंच नावाच्या अधिकाऱ्याने १७९३ साली छापलेल्या आपल्या वृत्तांतात नोंदवले आहे, की न्यायालयात आरोपी व साक्षीदार काय बोलतात हे न्यायाधीशांना कळावे म्हणून वारंवार दुभाषा बसवावा लागे. आरोपी इंग्रज, न्यायाधीश इंग्रज, आणि मध्ये दुभाषा! पुढे १८१२ मध्ये जेम्स हार्डी वॉ या कैद्याने न्यूकॅसल येथील वसाहतीत या बोलीचा कोश रचला आणि तो तेथील मुख्य अधिकाऱ्यास अर्पण केला. न्यायदानाचे काम करताना त्यास तो उपयोगी पडावा म्हणून. १८१९ साली तो छापला गेला. चोराने हाकिमाला आपली भाषा शिकवावी, यात लाचारी किती आणि मिस्कीलपणा किती, यावर मी बराच काळ विचार करीत बसलो. मात्र बोलणाऱ्याचे बोलणे समजल्यावाचून निवाडा करता येत नाही, एवढे त्या दूरच्या वसाहतीतल्या कोर्टालाही मान्य करावे लागले होते. माझ्या त्या रात्री दुभाषा कुणी शोधला नव्हता.

आपणही इंग्रजीला या खात्यात बरेच दिले आहे. 'लूट' आणि 'ठग' हे शब्द सर्वांना ठाऊक आहेत. गोंधळ-गलबल्याला 'बॉबरी' म्हणतात, तो आपला 'बाप रे!' असल्याचे 'हॉब्सन-जॉब्सन' हा १८८६ चा कोश सांगतो. आणि तुरुंगाला इंग्रजी बोलीत म्हणतात 'चोकी'. ही आपली चौकीच. फौजेबरोबर आणि जहाजांबरोबर तिकडे गेलेली. रोआल्ड डालच्या 'मटिल्डा'मध्ये मुख्याध्यापिका मुलांना ज्या अरुंद कपाटात कोंडते, त्याचे नावही हेच.

हे सारे मी भाच्याला फोनवर सांगितले. तो जरा गप्प राहिला, मग म्हणाला, "मामा, म्हणजे तुम्ही चोकीत होता, आणि मी निकमध्ये."

"तुझ्या तक्रारीचा कागद सही करण्यापूर्वी वाचलास ना?" मी विचारले.

"वाचला की, दोनदा. एका ठिकाणी सायकलचा रंग चुकला होता, तो दुरुस्त करून घेतला."

सायकल काही मिळाली नाही.