वाईच्या वाटेवरील कंप

पुण्याहून महाबळेश्वरास जाणाऱ्यांस वाई हें केवळ विसाव्याचें गांव वाटतें. कृष्णेच्या घाटावर पाय धुवावे, ढोल्या गणपतीस हात जोडावे आणि पसरणीचा घाट चढूं लागावें, असा बहुतेकांचा क्रम. परंतु हें गांव शास्त्राध्ययनाचें आहे. नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा येथलीच; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिचेच विद्यार्थी; आणि ज्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, तो मराठी विश्वकोशहि याच गांवीं सिद्ध झाला. अशा ठिकाणीं एका मोटारीच्या व्याधीचें निदान अन्वय-व्यतिरेकानें झालेलें आम्हीं पाहिलें, तें वाचकांस निवेदन करीत आहों.

आमच्या वहिनींचें वय ऐंशींच्या पुढें. क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम मानितात. तेथलें तीर्थ एकदां घ्यावें, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. म्हणून गेल्या श्रावणांत त्यांच्या थोरल्या मुलाच्या मोटारींतून, दोन नातवंडांसह निघालों. कात्रज मागें पडलें, सपाट रस्ता लागला आणि वेग ताशीं ८० किलोमीटरांवर जातांच स्टिअरिंगचें चाक थरथरूं लागलें.

"भाऊजी, गाडी आज अशी कां हो कांपते?" वहिनींनीं विचारलें.

"आई, रस्ताच खराब आहे," पुतण्या म्हणाला.

रस्ता हें कारण असतें, तर गुळगुळीत पट्टा येतांच कंप थांबावयास हवा होता. तो थांबला नाहीं. वेग ६० वर आणितांच मात्र तो नाहींसा होई, आणि ८५ वर नेतांच पुनः प्रकट होई. खंबाटकीच्या घाटांत इंजिनावर भार सर्वांत अधिक. तेथें तर कंपाचा मागमूसहि नव्हता. सपाटीवर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी वेग होता तोंवर थरथर टिकली. तेव्हां इंजिनाचा भार हें कारण नव्हे. ब्रेकची तबकडी वांकडी असती, तर ब्रेक लावितांना हादरा वाढता. तसेंहि झालें नाहीं. बैठकीखालीं हादरा जाणवता, तर मागील चाकांवर संशय घ्यावा लागता. येथें तो हातांस जाणवत होता. म्हणून संशयास पात्र उरलीं तीं पुढचीं चाकें.

याची उपपत्ति सोपी आहे. ताशीं ९० किलोमीटर वेगानें लहान मोटारीचें चाक सेकंदास सुमारें १३ फेरे घेतें. त्याच्या रिमच्या कडेस एका अंगीं २० ग्रॅम वजन अधिक झालें, तर तें सुमारें अडीच किलोंच्या भाराइतक्या जोरानें चाकास ओढतें. आणि वेग दुप्पट झाला कीं हा जोर चौपट होतो. त्यांतून चाकाच्या फेऱ्यांची गति व त्याच्या आधाराची स्वतःची आंदोलनगति जुळली, म्हणजे लहान धक्काहि मोठा होतो. कंप ठराविक वेगासच कां उठतो, याचें उत्तर हेंच.

वाईस पोहोंचल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, आतां पुढें घाटच आहे, वेग कमीच राहील. पुण्यास परतल्यावर पाहूं." युक्तिवाद वरवर बिनतोड होता. परंतु लक्षण दिसेनासें झालें, म्हणजे दोष गेला असें होत नाहीं. वहिनींनींच निकाल दिला, "महादेव कोठें पळून जात नाहींत. आधीं गाडी दाखव."

टायरच्या एका दुकानांतील कारागिरानें प्रथम चाकांचे नट पान्यानें तपासले. ते सैल असले तरीहि गाडी थरथरते, आणि चाक निखळण्याचें भय असतें. ते घट्ट होते. मग त्यानें चाकें उतरविलीं. रिमच्या आंत शेतरस्त्याचा चिखल वाळून बसला होता. तेवढ्यानेंहि चाकाचा तोल जातो. तो धुतला जात असतां डाव्या टायरच्या आंतल्या अंगास अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा दिसला. खड्ड्यांत आपटून आंतील दोरे तुटले, म्हणजे हवा रबरास अशी बाहेर ढकलते. बाहेरून पाहणाऱ्यास तो दिसणें शक्यच नव्हतें.

"आजोबा, याला दुरुस्ती नाहीं. हा कधीं फुटेल, सांगतां येत नाहीं," कारागीर म्हणाला. पुतण्या कांहींच बोलला नाहीं. पसरणीच्या घाटाची दरी त्यासहि ठाऊक होती.

टायर बाद करून स्टेपनी चढविली. दोन्ही चाकें यंत्रावर फिरवून, जेथें भार उणा तेथें लहान वजनें बसविलीं. पुष्कळ लोक यासच अलाइनमेंट समजतात, पण तें वेगळें. अलाइनमेंट बिघडली कीं गाडी एका अंगास ओढते व टायर वेडेवांकडे झिजतात. केवळ तिच्यामुळें सहसा कंप येत नाहीं. बाद टायरच्या जागीं पुण्यास परतण्यापूर्वीं नवा घ्यावा, असें ठरलें.

पसरणीच्या घाटांतून खालीं कृष्णेचें खोरें व धोम धरणाचें पाणी दिसत होतें. सायंकाळीं वहिनींनीं गोमुखाखालीं ओंजळ धरिली. परतीच्या वाटेवर ८५ च्या वेगासहि स्टिअरिंगचें चाक स्थिर होतें. त्या दिवसापासून खड्ड्यांत गाडी आपटली, कीं पुतण्या खालीं वांकून टायरचें आंतलें अंग पाहतो. आणि त्यानें पाहिलें कीं नाहीं, हें वहिनी विचारतात.