नदीकाठची मेजवानी

विद्यार्थी मित्रांनो, 'मेजवानी' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. फारसीतील 'मेज़बानी' मराठीत आली आणि तिची 'मेजवानी' झाली. 'सवलत' हा शब्दही तुमच्या 'सहूलत'चा भाऊच. आज मी तुम्हांला सवलतीच्या दरात मिळालेल्या एका मेजवानीची हकीकत सांगणार आहे.

गोव्याची राजधानी पणजी मांडवी नदीच्या काठी वसली आहे. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने बांधलेला राजवाडा आजही तेथे नदीकडे तोंड करून उभा आहे. ऑगस्ट महिन्यात मी आणि माझे सहकारी कामानिमित्त पणजीला गेलो होतो. ते उर्दू शिकवतात. आम्ही सारे त्यांना मास्टरसाहेब म्हणतो. रविवारी काम नव्हते. नदीकाठाने फिरताना एका मोठ्या उपाहारगृहाबाहेर पाटी दिसली : 'रविवारचा ब्रंच बुफे. 1800 रुपयांऐवजी 900 रुपये.'

ब्रंच म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ब्रेकफास्ट आणि लंच हे दोन इंग्रजी शब्द जोडून तो तयार झाला. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने 1895 साली एक लेख लिहून या जेवणाची बाजू मांडली होती. रविवारी उशिरा उठावे आणि न्याहारी व जेवण एकदमच करावे, अशी ही पद्धत. बुफे हा मूळचा फ्रेंच शब्द. पदार्थ एका बाजूला मांडून ठेवायचे आणि प्रत्येकाने आपल्या हाताने वाढून घ्यायचे, म्हणजे बुफे.

दारावर गणवेशातील दरवान होता. आत काचेची दारे, पांढरेशुभ्र मेजपोस आणि मंद संगीत. मास्टरसाहेब क्षणभर थबकले. म्हणाले, "सर, जागा आपल्या खिशापेक्षा मोठी दिसते." मग त्यांनी पाटी पुन्हा वाचली. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते : 'कर व शीतपेये वेगळी'. त्यांनी दरवानाला विचारले, "कर धरून एका माणसाचे किती?" उत्तर मिळाले, "945 रुपये." "आणि पाणी?" "साधे पाणी फुकट." हिशेब स्पष्ट झाल्यावरच आम्ही आत गेलो.

खिडकीतून मांडवीचे गढूळ पाणी दिसत होते. बेतीकडे जाणारी फेरीबोट पावसात हळूहळू पुढे सरकत होती. मोठमोठ्या मेजांवर पदार्थ मांडले होते. सुरुवातीला पाव, भात आणि कोशिंबिरी. मासे मात्र अगदी शेवटी. मास्टरसाहेबांनी ताट हाती घेतलेच नाही. आधी ते सगळीकडे एक फेरी मारून आले. "पोट एकच आहे. कशाला जागा द्यायची, ते आधी ठरवले पाहिजे," ते म्हणाले.

मग त्यांनी वाढप्याला हाक मारली आणि सरळ विचारले, "भाई, डुकराचे मांस कोणकोणत्या पदार्थांत आहे?" अशा श्रीमंती जागी असे प्रश्न विचारायला माणसे कचरतात. आजूबाजूचे लोक काय म्हणतील, असे त्यांना वाटते. पण वाढप्याला त्यात काहीच वावगे वाटले नाही. त्याने सोरपोतेल आणि गोव्याचे सॉसेज असे दोन पदार्थ दाखवले. कोंबडी हलाल आहे का, हे मात्र त्याला सांगता येईना. त्याने मुख्य आचाऱ्याला बोलावले. आचारी म्हणाला, "साहेब, मला खात्री नाही, म्हणून मी हो म्हणणार नाही. पण मासे आम्ही वेगळ्या तेलात तळतो. तुमच्यासाठी आतून ताजे पाठवतो." थोड्याच वेळात गरमागरम विसवणाचे तुकडे आले. मास्टरसाहेबांनी त्याला मनापासून शुक्रिया दिला. विचारणाऱ्याचा मान राहिला आणि खरे सांगणाऱ्याचाही.

तुम्ही विचाराल, एवढे मोठे उपाहारगृह निम्म्या दरात कसे जेवू घालते? त्याचे कारण पावसात आहे. पावसाळ्यात गोव्याला प्रवासी कमी येतात. खुर्ची रिकामी राहिली, तरी जागेचे भाडे आणि आचाऱ्यांचा पगार चुकत नाही. पन्नास माणसांऐवजी साठ माणसांचे शिजवायचे, तर आणखी आचारी लागत नाहीत. बुफेत वाढपीही थोडेच पुरतात. म्हणून खुर्ची रिकामी ठेवण्यापेक्षा ती निम्म्या दरात भरलेली बरी. सवलत म्हणजे दान नव्हे. तो दोन्ही बाजूंच्या सोयीचा व्यवहार आहे.

आमच्या शेजारच्या मेजावर चार माणसे बसली होती. त्यांनी ताटांत ढीग रचले होते. "पैसे वसूल झाले पाहिजेत," असे ते हसत म्हणत होते. ते उठले, तेव्हा अर्धे अन्न तसेच पडले होते. एका पोऱ्याने ती ताटे उचलली आणि सारे अन्न बादलीत लोटले. मास्टरसाहेब बराच वेळ त्या बादलीकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, "पैसे तर दाराशीच गेले, सर. जास्त वाढून घेतल्याने ते परत येत नाहीत. मग पोटाला आणि अन्नाला शिक्षा कशाला?" त्यांनी बिबिंकाचा एक लहानसा तुकडा घेतला. आवडला, तेव्हा दुसरा घेतला. त्यांचे ताट शेवटी स्वच्छ होते.

मित्रांनो, संयुक्त राष्ट्रसंघाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले. याच जगात कोट्यवधी माणसे उपाशी झोपतात. हे सगळे अन्न मोठ्या उपाहारगृहांनी फेकले, असे मात्र समजू नका. त्यांतील सुमारे 60 टक्के अन्न घराघरांतून वाया गेले होते. म्हणजे त्या बादलीसारखी बादली आपल्या मोरीजवळही असते.

नदीकाठच्या मेजवानीला तुम्ही कधी जाल, तेव्हा जाल. घरचे दस्तरखान मात्र रोजच पसरते. तेथेही आधी थोडे घ्या, हवे तर पुन्हा मागा. जे ठाऊक नाही, ते विचारायला लाजू नका. आणि उठताना आपल्या ताटाकडे एकदा पाहा. आपण कसे जेवलो, हे ते ताटच सांगते.