दालचिनी सोलणारे हात

काळं तिखट करायचे ठरले म्हणजे आपल्या सोलापुरातल्या घरांत मिरची किलोने येते, धने अर्ध्या किलोने येतात, खोबरे आणि तीळ पाव किलोने. दालचिनी मात्र येते ती दहा-वीस ग्रॅम, कागदाच्या पुडीत. आमची आई तरुणपणी मसाल्याच्या एका कांडपावर मिरच्यांची देठे मोडायला जात असे. संध्याकाळी हात राखेने घासून, तेल चोळूनही त्यांची आग जात नसे. लहान बहिणीला ती कोपराने जवळ ओढून घ्यायची, बोटे लागू द्यायची नाही. त्या कांडपावर दालचिनी, वेलदोडे, बदामफूल मालकाच्या गादीशेजारी बरण्यांत असत आणि देठे मोडणाऱ्या बायांनी त्या बाजूला फिरकायचे नाही, असा रिवाज होता. का होता, हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

आमचा भाचा पुण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरीला आहे. मागच्या डिसेंबरात तो मेक्सिकोच्या पद्धतीचे चॉकलेट घेऊन आला. आपण दुकानात पाहतो तशी गुळगुळीत वडी नव्हे. जाड, खरबरीत, गोल चकती. तिच्यात साखरेचे कण दिसतात आणि फोडताच दालचिनीचा वास सुटतो. ही चकती चावून खायची नसते. गरम पाण्यात किंवा दुधात विरघळवून, लाकडी घुसळणीने फेस काढून प्यायची असते. ती घुसळणी दोन तळहातांत धरून फिरवतात. भाच्याने मोबाईलवर तिचे चित्र दाखवले, तशी आई म्हणाली, "आरं बाळा, ही तर आपली रवीच की!"

दुसरे चित्र होते पाट्याचे. मेक्सिकोतल्या बाया गुडघ्यांवर बसून तिरक्या दगडी पाट्यावर भाजलेल्या कोकोच्या बिया वाटतात. पाटा कोमट राहावा म्हणून खाली थोडा विस्तव ठेवण्याचीही रीत आहे. आईने ते चित्र बराच वेळ पाहिले.

मेक्सिको म्हणजे काही परका मुलूख नव्हे. ज्या मिरचीने आईचे हात पोळले ती मूळची तिकडचीच. आपल्या चटणीतली शेंगही अमेरिका खंडातली, दक्षिणेकडची. पोर्तुगीज जहाजे या किनाऱ्याला लागण्यापूर्वी आपल्या मुलखात मिरचीही नव्हती आणि शेंगदाणाही नव्हता. शेंगाचटणीवाचून सोलापूर कसे असेल, याची कल्पनाच करवत नाही!

त्या देशात अॅझ्टेक लोकांचे राज्य होते, तेव्हा कोकोच्या बियांचा नाण्यासारखा उपयोग होई. बाजारात बिया मोजून वस्तू मिळत. चॉकलेटचे पेय मात्र मुख्यतः सरदार, योद्धे आणि बड्या व्यापाऱ्यांच्या पात्रात जायचे. ज्यांच्या पाठीवरून बियांची पोती राजधानीला येत, त्यांना ते क्वचितच मिळे. त्या पेयात साखर नसे आणि दालचिनीही नसे. १५२१ साली स्पॅनिश फौजांनी ती राजधानी पाडली. त्यांच्यामागून ऊस गेला आणि दालचिनी गेली. आज मेक्सिकोच्या घराघरांत जी दालचिनी लागते, ती प्रामुख्याने श्रीलंकेहून येते. म्हणजे जगाच्या त्या टोकाच्या पेल्याला जो वास आहे, तो आपल्या शेजारच्या बेटाचा.

आता मुद्द्याची गोष्ट. लंकेत दालचिनी सोलायचे काम कोण करीत होते?

सलागम नावाची एक जात. परंपरा सांगते की हे लोक मूळचे दक्षिण भारतातून नेलेले विणकर. मागमाग करणाऱ्या आपल्या शहराने हे ध्यानात घ्यावे. लंकेच्या राजांनी आणि पुढे पोर्तुगीज व डच सत्तेने त्यांना दालचिनीला जुंपले. जंगलात जाऊन फांद्या तोडायच्या, वरची खरबरीत साल खरवडायची, आतली साल अखंड सोडवायची, वाळवायची आणि ठरलेले वजन सरकारात भरायचे. ही सक्ती कोवळ्या पोरांनाही चुकलेली नव्हती. डचांनी १६५६ साली कोलंबो घेतले. त्यांच्या अमलात चोरून दालचिनी तोडणाऱ्याला, विकणाऱ्याला मरणाची शिक्षासुद्धा होती. युरोपातल्या श्रीमंतांच्या ताटाला सुवास यावा म्हणून जन्मानेच काम ठरलेली माणसे! ही सरकारी मक्तेदारी इंग्रजी अमलात १८३३ साली संपली.

बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी ज्या लंकेत गेले, तिचाच हा इतिहास आहे. तो बुद्धाचा देश. पण १७६४ नंतर कँडीमध्ये उपसंपदा फक्त गोयिगम या वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीलाच मिळू लागली. दालचिनी सोलणाऱ्यांच्या मुलाने चीवर धारण करावे, पण पूर्ण भिक्खू होऊ नये! सलागम समाजाने त्यावर विनवण्या करीत बसणे पत्करले नाही. अंबगहपिटिये ज्ञानविमल हे १७९९ साली समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपूरला गेले, तिथे उपसंपदा घेतली आणि १८०३ साली परतून त्यांनी अमरपूर निकाय उभा केला. पुढे त्या निकायातही जातीजातींचे फाटे फुटले, तेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु दालचिनीने काळवंडलेल्या बोटांच्या समाजाने धम्म मागून घेतला नाही, स्वतः जाऊन आणला, ही गोष्ट आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना आम्ही सांगितली, तेव्हा ती गणिताच्या तासाला बसतात त्याहून शांत बसली होती.

मग पेय प्यायचेच, असे ठरले. चकती एकदाच संपली; पण ती नसली तरी अडत नाही. चार कपांना दोन कप पाणी व दोन कप दूध घ्यावे. पाण्यात बोटभर दालचिनी मोडून पाच-सात मिनिटे उकळावी. बिनसाखरेची कोको पावडर तीन मोठे चमचे, थोड्या गरम पाण्यात आधी कालवून घ्यावी, नाहीतर गुठळ्या होतात. मग दूध, चिमूटभर मीठ, आणि हवे तर नखभर लाल तिखट. गूळ घालायचा असल्यास आच बंद केल्यावर घालावा. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटण्याची भीती. शेवटी रवी. फेस वर येईस्तोवर हात थांबवू नये.

बाजारातल्या दोन गोष्टी पारखून घ्याव्यात. खरी लंकेची दालचिनी कागदासारख्या पातळ पदरांची, चुरगळणारी असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळते ती जाड, कडक, एकाच पदराची साल. तिचे नाव कॅशिया. मसाल्यात ती चालते, पण रोज भरपूर पोटात जाणे यकृताला बरे नव्हे, तिच्यात कौमारिन नावाचे द्रव्य जास्त असते. चॉकलेट घेताना वेष्टनावर कोको बटर लिहिले आहे की नुसते वनस्पती तेल, हे वाचावे. आम्ही हिशेबनीस माणूस, वेष्टन वाचल्याशिवाय पैसे देत नाही.

आमच्या पत्नीने याच्या पुढची मजल मारली. मेक्सिकोत मोले नावाचे कालवण होते: सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, लवंग, दालचिनी आणि जरासे चॉकलेट, दाटपणासाठी त्यांची मक्याची भाकरी भाजून वाटतात. हे ऐकून ती म्हणाली, "मग आपलं काळं तिखट आणखी निराळं काय असतं?" तिने ज्वारीच्या शिळ्या भाकरीचा तुकडा भाजून वाटणात घातला, नेहमीचे काळं तिखट टाकले आणि सहा माणसांच्या कोंबडीच्या रश्श्यात एकच चमचा कोको. रस्सा गोड होत नाही. त्याचा रंग खोल होतो आणि मिरचीचा झणका थोडा बसतो. आईने कडक भाकरी चुरून खाल्ली, दुसऱ्यांदा रस्सा मागितला आणि मग विचारले, "हे कोकोचं पीक कोण काढतं आता?"

आता ते पश्चिम आफ्रिकेतले गरीब शेतकरी काढतात. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथल्या बागांत लहान मुले कोयते घेऊन राबतात, हे जगजाहीर आहे. २०२४ साली जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. तरी तिथल्या शेतकऱ्याच्या हाती लागले ते सरकारने आधीच ठरवून दिलेल्या कमी भावाचे पैसे. आपल्या केरळ, आंध्र, कर्नाटकातही कोको पिकतो. शेतकऱ्यांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेचा पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना आहे. पावडर घेताना आम्ही तो माल आधी विचारतो.

येत्या थंडीत अभ्यासिकेच्या मुलांसाठी चाळीस पेले करायचे आहेत. दूध तीन लिटर, पाणी तीन लिटर, कोको दोनशे ग्रॅम, दालचिनी पन्नास ग्रॅम, असा हिशेब मांडला आहे. दालचिनीचे पन्नास ग्रॅम पाहून पत्नीने भुवई उंचावली. आई काही बोलली नाही. तिने माळ्यावरची ताकाची मोठी रवी काढून धुऊन ठेवली आहे.