बोलायचं नाही, ऐकायचं!

मैत्रिणींनो, जपानला गेलात तर देवळं, बागा पाहाच. पण एखाद्या 'जाझ किस्सा'तही बसा. किस्सा म्हणजे गोष्ट नव्हे हं, तिकडे कॉफीच्या दुकानाला 'किस्सातेन' म्हणतात! महायुद्धानंतर परदेशी तबकड्या सामान्यांना परवडत नसत. मग एका कप कॉफीच्या पैशात मंडळी तासन्‌तास इथे ऐकत बसत. योकोहामाचं 'चिगुसा' १९३३ साली सुरू झालं. १९४५ च्या हवाई हल्ल्यात तिथल्या तबकड्या गेल्या. मालक योशिदांनी पुन्हा जमवल्या. पियानोवादक तोशिको अकियोशी तरुणपणी तिथे ऐकून शिकल्या.

टोकियोतल्या अशाच एका दुकानात मी ह्यांच्याशी बोलू लागले, तर शेजारच्या आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं! चालू तबकडीचं वेष्टण समोर मांडलेलं असतं. न बोलता सगळ्यांना कळतं. आजोबांनी चिठ्ठीवर फर्माईश लिहून दिली. वेष्टण बदललं, तसे ते माझ्याकडे पाहून हसले. अख्खी बाजू मी हात मांडीवर ठेवून ऐकली. घरी आपण गाणं ऐकतो ते भाजी निवडताना! आल्यापासून दुपारी २० मिनिटं रिकाम्या हातांनी ऐकते. तुम्हीही बसून पाहा.